निवडणुकीच्या दिवसांत मंडळीसमोर प्रार्थना चालवताना

निवडणूक जवळ आली की इंदुरातल्या आमच्या मराठी ख्रिस्ती घरांतून भरणाऱ्या प्रार्थनासभांना वेगळाच रंग चढतो. एरवी आजारी माणसे, परीक्षेला बसलेली मुले आणि नोकरीच्या शोधात असलेले तरुण यांच्यासाठी होणारी मध्यस्थीची प्रार्थना हळूहळू देशाकडे, देशावरून सरकारकडे आणि सरकारवरून एखाद्या पक्षाकडे सरकते, आणि शेवटी ‘आमेन’ म्हणताना निम्म्या लोकांचा आवाज खाली जातो. अशा वेळी ज्यांना प्रार्थना चालवायला सांगितले जाते, त्या पंचांसाठी (मंडळीच्या कारभाऱ्यांसाठी) आणि तरुण संघातील मुलामुलींसाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे.

प्रार्थना आदल्या दिवशी कागदावर लिहून काढावी. बायबलच्या वचनाला घट्ट धरून चालणाऱ्या मंडळ्यांत लिहिलेल्या प्रार्थनेकडे जरा संशयानेच पाहिले जाते, कारण मनापासूनची प्रार्थना उत्स्फूर्तच असते असा समज आहे. परंतु बायबलमधली स्तोत्रे लिहिलेलीच आहेत, आणि प्रचाराच्या दिवसांत उत्स्फूर्तपणे ओठांवर येते ते पुष्कळदा रात्री टीव्हीवर ऐकलेले असते.

लिहून झाल्यावर प्रत्येक वाक्यापाशी थांबून, हे आपण नेमके कोणाला सांगत आहोत, असे स्वतःला विचारावे. ‘हे प्रभो, तुला ठाऊकच आहे’ अशी सुरुवात होऊन पुढे बातमी आली, तर ते वाक्य हमखास तपासण्याजोगे असते. ‘हे प्रभो, तुला ठाऊकच आहे की मागच्या पाच वर्षांत या लोकांनी आमचे काय केले’ हे वाक्य देवासाठी नसते. ते तिसऱ्या रांगेत डोळे मिटून बसलेल्या, दुसऱ्या पक्षाला मत देणाऱ्या काकांसाठी असते, आणि काकांना ते बरोबर कळते. त्यांना उठून उत्तर देता येत नाही, म्हणून तर ते प्रार्थनेत घातलेले असते. लूकच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहूदी, देवाचे आभार मानत असतो, पण बोलत असतो शेजारच्या जकातदाराविषयी. आमच्याकडच्या प्रार्थनांतला ढोंगीपणा बहुतेक वेळा इतकाच आणि याच जातीचा असतो. त्यासाठी येशूने सांगितलेल्या ढोंग्यांसारखे चवाठ्यावर उभे राहावे लागत नाही.

अशा वाक्यातली तक्रार मात्र काढून टाकू नये, कारण देवापुढे गाऱ्हाणे घालणे स्तोत्रांइतकेच जुने आहे. तिचे तोंड फक्त देवाकडे वळवावे: ‘ज्यांच्यावर अन्याय झाला आहे त्यांना न्याय मिळो; तो मिळवून देणे ज्यांच्या हाती आहे त्यांना धैर्य दे; आणि आमच्या हातून कोणावर अन्याय झाला असेल तर तो आम्हाला दाखव.’ शेवटचा भाग बोलायला जड जातो, म्हणून तो वगळला जातो. तो वगळू नये.

राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करावी की नाही, हा वाद घालण्याचे कारण नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात राजांसाठी व सर्व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करण्यास सांगितले आहे, तेव्हा रोमच्या सम्राटाची सत्ता होती. यिर्मया संदेष्टा तर बंदिवानांना बाबेलसाठी, म्हणजे त्यांना पकडून नेणाऱ्यांच्या नगरासाठी, प्रार्थना करायला लावतो. तेव्हा पदाचे नाव घ्यावे, पक्षाचे घेऊ नये. पंतप्रधान आणि मुख्यमंत्री येतीलच, पण महापौर, नगरसेवक, मतदान केंद्रावर नेमणूक झालेले शिक्षक आणि पहाटे रस्ते झाडणारे सफाई मित्र यांनाही त्याच प्रार्थनेत जागा द्यावी. विरोधी उमेदवाराच्या जिवाला आणि घरच्यांना संरक्षण मागावे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत याच शहरात ‘नोटा’ला दोन लाखांवर मते पडली, त्यांतली काही आपल्या बाकांवरचीही असू शकतील, आणि त्या माणसांनाही आपल्या प्रार्थनेला ‘आमेन’ म्हणता आले पाहिजे.

दुसरी कसोटी बायबलमधल्या दानीएल संदेष्ट्याकडून घ्यावी. प्रार्थनेवर बंदीचा हुकूम निघाल्यावर त्याने खिडक्या उघड्या ठेवून दिवसातून तीन वेळा प्रार्थना केली, पण ती पूर्वीपासूनच्या रिवाजाप्रमाणे केली, हे त्याच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मुद्दाम नोंदवलेले आहे. म्हणून लोकांनी पाहिले एवढ्यावरून प्रार्थना खोटी ठरत नाही. निवडणूक नसतानाच्या रविवारी आपण सरकारसाठी काय मागतो, हे आठवून पाहावे. काहीच मागत नसलो, तर आजची कळकळ कुठून आली ते शोधावे.

अमेरिकेतील पुराणमतवादी मंडळ्यांचे व्हिडिओ मोबाइलवरून आपल्याकडे येतात आणि नकळत त्यांचे अनुकरण होते, म्हणून त्यांच्याविषयी थोडे. तेथे १९५२ च्या कायद्याने राष्ट्रीय प्रार्थना दिवस आला आणि १९५३ पासून वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या उपस्थितीत प्रार्थनेची न्याहारी होते. २०१७ मध्ये ओव्हल ऑफिसात ट्रम्प यांच्यावर हात ठेवून प्रार्थना करणाऱ्या ख्रिस्ती धर्मपुढाऱ्यांचे छायाचित्र जगभर फिरले. गर्भपातासारख्या प्रश्नावर त्या पुढाऱ्यांना ट्रम्प यांच्या पक्षात खरोखर आधार दिसतो, तेव्हा त्यांची कळकळ सरसकट खोटी ठरवता येणार नाही. पण तेच हात त्याच उत्कटतेने प्रतिपक्षाच्या राष्ट्राध्यक्षावर ठेवले गेले असते का, हा प्रश्न उरतो. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्याशी जवळीक असलेले प्रसिद्ध अमेरिकन धर्मप्रचारक बिली ग्रॅहम यांनी २०११ मध्ये मागे वळून पाहताना, आपण राजकारणापासून दूर राहायला हवे होते, असे सांगितले होते.

आपली गोष्ट उलटी आहे. तेथे सत्तेच्या ओढीने हात पुढे होतात, येथे आपण थोडे असल्यामुळे भीतीने होतात. नाताळच्या कार्यक्रमाला नेता आला, कॅमेरे लागले, की आपण देशाशी एकनिष्ठ आहोत हे दाखवण्यासाठी प्रार्थनेला भाषणाचे वळण लागते. पाहुण्याचे स्वागत, शाल-श्रीफळ आणि चहा मंचावर उरकावे. प्रार्थना त्यानंतर, नेहमीच्याच शब्दांत आणि नेहमीइतक्याच वेळात करावी. पाहुण्याने माइकवर मते मागू नयेत, हे निमंत्रण देतानाच नम्रपणे सांगावे. १९८८ चा धार्मिक संस्थांच्या गैरवापराला प्रतिबंध करणारा कायदा प्रार्थनास्थळाच्या आवारात राजकीय प्रचार करू देत नाही, आणि धर्माच्या नावावर मते मागणे हे निवडणूक कायद्याने ‘भ्रष्ट आचरण’ ठरते. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने २०१७ मध्ये बहुमताने त्याचा अर्थ व्यापक केला. एवढे सांगितले की पाळकसाहेबांनाही नाही म्हणायला आधार मिळतो.

इतके करूनही कोणीतरी म्हणेलच की तुम्ही ‘आपल्या’ माणसासाठी प्रार्थना केली नाही, म्हणजे तुम्ही फितूर. बायबलमधल्या पहिल्या राजेच्या २२ व्या अध्यायात अहाब राजाला हवे तेच सांगणारे ४०० संदेष्टे होते आणि एकटा मीखाया वेगळे बोलला, ही गोष्ट त्या वेळी उपयोगी पडते. मात्र ती स्वतःला मीखाया ठरवण्यासाठी सांगू नये, तो मोह फार लवकर होतो. वाद सभेत वाढवू नये. सभा संपल्यावर त्या व्यक्तीला बाजूला घेऊन विचारावे, की ‘तुम्हाला काय मागायचे होते?’ आणि ते जर मागण्याजोगे असेल, तर पुढच्या सभेत त्यांनाच प्रार्थना चालवायला सांगावे.

निकाल लागल्यानंतरच्या रविवारी जुना कागद पुन्हा काढावा. जिंकलेल्यांबद्दल उपकारस्तुती किंवा हरलेल्यांबद्दल विलाप त्यात घालू नये. बदललेली नावे बदलावीत आणि बाकीची प्रार्थना जशीच्या तशी म्हणावी.