कार्डाला उठाव कसा द्यावा: चिऱ्याची पूड, पुठ्ठ्याची कौलं आणि तिरका उजेड

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, महिन्यावर आली की आमच्या जेवणाच्या टेबलाचा खिडकीकडचा अर्धा भाग माझा होतो. गोव्यातल्या फोंड्याच्या या घरात वर्षाला शुभेच्छांची चाळीसेक कार्डं मी हातानं करते. निम्मी चवथीला जातात, उरलेली दिवाळीला आणि नाताळाला. शाळेत चित्रकला शिकवत होते तेव्हापासूनची ही सवय. 'कार्ड सपाट दिसतं, काय लावू?' असं मला नेहमी विचारलं जातं. लेस, मणी, चमकी, बटणं सगळं आणून झालेलं असतं आणि तरीही कार्ड काही बोलत नाही.

काही लावण्याआधी टेबलावरचा दिवा हलवून बघा. डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली कुठलाच पोत दिसत नाही, कारण सावलीच पडत नाही. माझा दिवा डाव्या हाताला, टेबलापासून वीतभर उंचीवर असतो. त्या तिरक्या उजेडात कोऱ्या हातकागदावरचे तंतूसुद्धा दिसायला लागतात. पोत म्हणजे बारीक बारीक सावल्या, एवढं डोळ्यांत बसलं की निम्मं काम होतं. आणि सावली दिसायला शेजारी शांत जागा लागते. म्हणून एका कार्डावर मी एकच पोत घेते आणि निदान अर्धं कार्ड मोकळं ठेवते. चमकी मी वापरत नाही. ती सगळीकडून सारखीच चमकते, मग सावलीला जागा उरत नाही.

कागद. घडीच्या कार्डासाठी ३०० जीएसएमचा (एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद घ्या, म्हणजे वर लावलेलं वजन तो पेलतो. ए-४ आकाराच्या कागदाची मधोमध घडी घातली की १४८ बाय २१० मिलिमीटरचं कार्ड होतं. उठाव दाबून काढायचा असेल तर मात्र १६० ते २०० जीएसएम पुरे, जाड कागद वाकत नाही, फुटतो. मला सर्वांत आवडतो तो सुती चिंध्यांचा हातकागद. पुण्याच्या हातकागद संस्थेत १९४० पासून असा कागद बनतो. पुण्याचं कोणी येणार असेल तर मी मिठाई आणू नका म्हणते, कागद आणा म्हणते.

यंत्रावर बनलेल्या कागदाला आडवी-उभी चाल असते, म्हणजे त्याचे तंतू एकाच दिशेला जास्त पडलेले असतात. तो दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा, ज्या बाजूनं सहज वाकेल त्याच दिशेनं घडी घाला. उलट दिशेनं घातलेली घडी पाठीवर भेगाळते. घडीच्या रेषेवर आधी पट्टी ठेवून संपलेल्या बॉलपेननं एक खोल रेघ ओढायची. ही रेघ कार्डाच्या बाहेरच्या अंगाला हवी आणि घडी रेघेपासून पलीकडे वळवायची. बहुतेकजण रेघेच्या आत वळवतात आणि मग घडीवर कागद सुरकुततो.

साधा उठाव याच संपलेल्या बॉलपेननं निघतो. जुनी एक्स-रे फिल्म घ्या, तिच्यावर आकृती कापा. फिल्म खिडकीच्या काचेवर चिकटपट्टीनं लावा, तिच्यावर कार्डाचा कागद दर्शनी बाजू काचेकडे करून धरा. मागून ऊन आलं की कापलेली आकृती कागदातून दिसते. कागदाच्या पाठीवर मेणबत्तीचा तुकडा एकदा फिरवा, म्हणजे पेन अडखळत नाही. आता आकृतीच्या फक्त कडेकडेनं दाबत जायचं, मधला भाग आपोआप वर येतो. एका दमात जोर देऊ नका, तीन फेऱ्यांत द्या.

अक्षरं करायची असतील तर फिल्म पालथी लावायची. पहिल्या वर्षी मी ती सरळ लावली आणि तीस कार्डांवर 'शुभ' उलटा उमटला. ते कागद वाया गेल्याचं मला अजून वाईट वाटतं, हातकागद होता. आणखी एक गोष्ट देवनागरीपुरती: 'चवथ' हा शब्द कापला की च आणि व यांच्या पोटातले तुकडे सुटून पडतात. तिथे दोन मिलिमीटरचा पूल राखून कापा. शिरोरेषा सलग ठेवली तर शब्द छान एकत्र लटकतो.

आता माझ्या जीवाच्या जवळचं कार्ड. पेडणे तालुक्यात मोरजी गावी मोरजाईचं देऊळ आहे, तिथे भिंतींवर कावी काम आहे. काव म्हणजे लाल माती. चुन्याच्या पांढऱ्या, घोटून गुळगुळीत केलेल्या गिलाव्यावर लाल थर द्यायचा आणि तो ओला आहे तोवर टोकदार हत्यारानं खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा, अशी ही कला. रंग लावून चित्र काढत नाहीत, काढून टाकून काढतात. मुलांना घेऊन गेले होते तेव्हा एका रेघेवरून बोट फिरवावंसं मला फार वाटलं. हात मागे घेतला, जुन्या भिंतीला हात लावू नये. पण ती रेघ कागदावर आणायचीच, हे तिथेच ठरलं.

लाल थरासाठी मी चिऱ्याची, म्हणजे बांधकामाच्या तांबड्या जांभ्या दगडाची, पूड वापरते. कुठेही घराचं काम चालू असलं की चिरे तासलेल्या जागी तांबडी पूड पडलेली असते, मागितली की गवंडी हसत पिशवीभर देतात. ती उन्हात वाळवा आणि मलमलीच्या फडक्यातून दोनदा गाळा. खडा राहिला तर रेघ ओढताना सुई उडी मारते.

जाड कागद पाटावर ठेवून चारी बाजूंनी मास्किंग टेपनं पक्का करा, नाहीतर ओला झाला की तो वर उचलतो. आधी पांढरा थर: पांढऱ्या ॲक्रिलिक रंगात थोडी टाल्कम पावडर मिसळून दोन हात द्या, पहिला वाळल्यावर दुसरा. रात्रभर ठेवा. सकाळी स्टीलच्या चमच्याच्या पाठीनं गोल गोल घोटा. हे घोटणं चुकवू नका, खालचं अंग गुळगुळीत असेल तरच वरचा लाल थर स्वच्छ निघतो.

मग लाल: एक चमचा पूड, अर्धा चमचा फेव्हिकॉल आणि आंबोळीच्या पिठाइतकं सैल होईल एवढं पाणी. फेव्हिकॉल जास्त झाला तर खरवडताना रंगाची साल निघते, रेघ निघत नाही. फारच कमी झाला तर वाळल्यावर बोटाला लाल लागतं. म्हणून आधी एका तुकड्यावर करून बघा. चपट्या ब्रशनं एकाच दिशेनं एक हात द्या आणि थांबा.

सगळं कसब या थांबण्यात आहे. थरावरची ओली चकाकी जाते पण हात लावला तर गार लागतं, ती वेळ. मे महिन्यात सात-आठ मिनिटांत येते, श्रावणात वीस मिनिटंही लागतात. चकाकी असताना खरवडलं तर रेघ पुन्हा भरून येते. पार वाळल्यावर खरवडलं तर कडा फुटतात, तेव्हा ओला स्पंज हलकेच टेकवून दोन मिनिटांनी पुन्हा बघा.

खरवडायला विणकामाची बारीक सुई आणि भूमितीच्या पेटीतला डिव्हायडर. पहिल्यांदा करत असाल तर सहा पाकळ्यांचं फूल करा. पेन्सिल-कंपासनं हलकं वर्तुळ काढायचं, तेच अंतर कायम ठेवून परिघावर सहा खुणा करायच्या आणि प्रत्येक खुणेवरून वर्तुळाच्या आत एक कमान घ्यायची. पाकळ्या तयार. मग सुईनं पाकळ्यांमधली जागा खरवडायची. लाल पाकळ्या राहतात, पार्श्वभूमी पांढरी होते. निघालेला भुसा कोरड्या ब्रशनं झाडा, फुंकर मारू नका, थुंकीचा एक शिंतोडाही लाल डाग पाडतो.

गेल्या वर्षी असं एक कार्ड वाळत ठेवलं होतं. माझी भाची आली, तिनं ते उचललं, खिडकीशी तिरकं धरलं आणि म्हणाली, "मावशे, हें देवळाचे वणटीभशेन दिसता गो." देवळाच्या भिंतीसारखं दिसतं म्हणे. मी ते कार्ड तिलाच दिलं. ज्यांच्यासाठी केलं होतं त्यांना दुसरं केलं.

एवढा वेळ नसेल तर पुठ्ठा हाताशी असतोच. पार्सलच्या खोक्याचा तुकडा घेऊन त्याच्या एका बाजूला ओला स्पंज फिरवा, पाच मिनिटांनी वरचा कागद सोलून काढा. आतल्या नाळ्या उघड्या पडतात. दीड सेंटिमीटर रुंद पट्ट्या अशा कापा की नाळ्या पट्टीवर उभ्या येतील. आता छप्पर शाकारतात तसं खालून वर लावत जा, प्रत्येक वरची पट्टी खालच्या पट्टीवर थोडी चढवून. मंगळुरी कौलांचं छप्पर तयार. नवीन घर घेतलेल्यांना मी हेच पाठवते. रंगवताना ब्रश लाल रंगात बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसा आणि फक्त नाळ्यांच्या माथ्यावरून फिरवा. खाचांत रंग गेला नाही की खाचा काळसर दिसतात आणि छपराला खोली येते. ओल्या ब्रशनं रंगवलं तर पुठ्ठा भिजून बसतो, सगळं मुसळ केरात.

कुणबी कापडाचे लाल-पांढऱ्या चौकड्यांचे तुकडेही फार शोभतात. शिंप्याकडे उरलेली चिंधी मिळते. पेज निवळून तिचं पाणी कापडाला लावा आणि इस्त्री करा, म्हणजे कापताना सरकत नाही. चारी कडांचे तीन मिलिमीटरपर्यंतचे दोरे सुईनं ओढून झालर काढा. चिकटवायला दुहेरी टेप. फेव्हिकॉल पांढऱ्या चौकड्यांतून वर येतो आणि पिवळट डाग दिसतो. धावदोरा घालायचा असेल तर थर्माकोलवर ठेवून टाचणीनं चार-चार मिलिमीटरवर भोकं आधी पाडून घ्या. सुईनं थेट टोचत गेलात तर कागद मागून फाटतो. दोऱ्याला गाठ मारू नका, टोकं मागे टेपनं दाबा, गाठीचा उंचवटा पुढून दिसतो.

नाताळासाठी मी खिडकी करते. गोव्याच्या जुन्या घरांत शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या आहेत, त्यांतून येणारा उजेड दुधासारखा असतो. कार्डाच्या पुढच्या पानावर दोन सेंटिमीटरचे चौकोन कापायचे, मधे तीन मिलिमीटरची पट्टी सोडायची. ब्लेड नवं हवं आणि आधी मधले चौकोन कापायचे, कडेचे शेवटी. मागून बटर पेपर चुरगळून, पुन्हा सपाट करून लावायचा. काही चौकोनांना दोन थर द्या, मग प्रत्येक तावदान थोडं वेगळं दिसतं, खऱ्या शिंपल्यासारखं.

समुद्रावरची वाळू लावायची असेल तर गोड्या पाण्यात तीनदा धुऊन कडक उन्हात वाळवा. न धुतलेल्या वाळूतलं मीठ हवेतला ओलावा ओढतं आणि पावसाळ्यात कार्डाला पाणी सुटतं.

पावसाचं आणखी एक. पाणी असलेला कुठलाही गोंद लावला की कागद आधी फुगतो, वाळताना आक्रसतो आणि कार्ड वाकडं होतं. त्यावर वजन ठेवून उपयोग नाही, कारण एकाच बाजूला ओढ असते. पानाच्या आतल्या बाजूला तेवढ्याच आकाराचा पातळ कागद त्याच गोंदानं लावा, दोन्हीकडून ओढ बसली की कार्ड सरळ राहतं. तयार कार्डं मी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते, बूट किंवा औषधांसोबत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून. दोन कार्डांमधे बटर पेपर घालते, दमट हवेत ॲक्रिलिक रंग एकमेकांना चिकटतात.

टपालानं पाठवायचं असेल तर उठाव कुठे ठेवायचा ते कार्ड आखतानाच ठरवा. तिकीट पाकिटाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात लागतं आणि शिक्का तिथेच बसतो. एकदा माझं कावीचं फूल नेमकं त्या कोपऱ्याखाली आलं आणि बेळगावला पोचलं तेव्हा त्याच्या दोन पाकळ्या तडकल्या होत्या. तेव्हापासून माझी सगळी फुलं डाव्या खालच्या बाजूला असतात आणि पाकिटात घालताना कार्डावर जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचा एक तुकडा ठेवते. पाकीट कार्डापेक्षा प्रत्येक बाजूनं तीन मिलिमीटर मोठं करा, उठाव असलेलं कार्ड घट्ट पाकिटात कोंबलं की बाहेर काढतानाच खरचटतं.

आणि आतला मजकूर सगळ्यात आधी लिहा, पुढच्या पानाला हात लावण्याआधी. उठाव दिलेल्या कागदावर मागून पेन टेकवलं की पुढचं फूल दबतं. यंदाच्या चाळीस कोऱ्या घड्या टेबलावर आहेत, त्यातल्या नऊ लिहून झाल्या. दहावी बेळगावच्या त्याच घरी जायची आहे.