थारचं सस्पेन्शन बदलताय? शॉकअप घेण्याआधी या चुका टाळा

ऑफरोडिंगचं वेड लागलं की आपला पहिला खर्च उंचीवर होतो. गाडी दोन इंच वर दिसली पाहिजे, बास. माझ्याकडे महिंद्राची जुनी थार सीआरडीई आहे, म्हणजे पुढे टॉर्शन बार (पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारी लोखंडी दांडी) आणि मागे कमानपाटे, आणि मीपण हेच केलं. गॅरेजवाल्याने पुढे टॉर्शन बारचे बोल्ट आवळले, मागे लांब शॅकल (कमानपाट्याचं टोक चॅसिसला जोडणाऱ्या पट्ट्या) टाकल्या, तासाभरात गाडी उंच, फोटो एक नंबर. मग लोणावळ्याहून राजमाचीला जाताना प्रत्येक खड्ड्यात पुढून खाडकन आवाज, आणि महिनाभरात बघतो तर डाव्या चाकाच्या आतून सगळीकडे काळं ग्रीस उडालेलं. सीव्ही जॉइंटचा, म्हणजे चाकाला ताकद पोचवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्याचा, रबरी बूट फाटला होता.

ही चूक सगळ्यात जास्त लोक करतात म्हणून नीट सांगतो. बोल्ट आवळून गाडी वर जाते, पण चाक वरखाली किती हलणार ते तेवढंच राहतं. गाडी उचलली म्हणजे चाक आधीच खाली लटकलंय, खड्डा आला की अजून खाली जायला जागाच नाही, मग चाक धरणारा आर्म थेट त्याला अडवणाऱ्या स्टॉपवर आपटतो. तोच तो खाडकन. शिवाय ड्राइव्ह शाफ्ट कायम तिरके फिरतात म्हणून बूट जातात. मागे लांब शॅकलने एक्सल थोडा फिरतो, त्याला गिअरबॉक्सकडून फिरवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो आणि स्पीडला सीटखाली थरथर जाणवते. शेवटी मी बोल्ट परत सैल केले, जुन्या शॅकल लावल्या, नवा बूट टाकला, आवाज बंद. २०२० नंतरच्या थारला पुढेमागे कॉइल आहे, तिथे टॉर्शन बारची भानगड नाही, पण शॉकअपच्या डोक्यावर स्पेसर टाकून उंची काढली की पुढे हेच रडगाणं.

बरं, शॉकअप बदलून गाडी उंच होते हाही गैरसमज. वजन पेलतो तो पाटा किंवा कॉइल, शॉकअप फक्त त्याची उडी आवरतो. गाडी मागून बसली असेल तर कितीही महागडे शॉकअप टाका, बसलेलीच राहणार.

म्हणून आधी वजनाचा हिशोब करा, आणि तोही रोजच्या वजनाचा. लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढायची मोटर) कायम पुढे असतील तर पुढची स्प्रिंग त्या हिशोबाने कडक घ्या. पण वर्षातून दोनदा टेंट, पाण्याचे कॅन आणि चार मित्र घेऊन जाता म्हणून मागे जड पाटे टाकले तर बाकीचे साडेअकरा महिने रिकामी गाडी पुण्याच्या स्पीडब्रेकरवर बकरीसारखी उड्या मारणार. काम करायच्या आधी चाकाच्या मध्यापासून वर फेंडरच्या काठापर्यंत टेपने मोजून लिहून ठेवा, चारही बाजूंना. जमिनीपासून मोजू नका, टायर आणि हवा बदलली की ते माप फसतं.

लांबीत तर भलेभले फसतात. लांब शॉकअप दाबल्यावरही लांबच असतो, आणि चाक वर जाताना शेवटचा धक्का झेलणारं बंप रबर टेकायच्या आधीच तो आतून तळाला लागला तर सील फुटतं नाहीतर रॉड वाकतो. तपासायची जुगाड सोपी: रॉड उघडा दिसत असेल तर त्यावर केबल टाय आवळून खाली सरकवा, एक खडकाळ राउंड मारा आणि टाय कुठे जाऊन थांबला ते बघा. अगदी रॉडच्या टोकाला गेला असेल तर माप चुकलंय. जॅकवर चाक पूर्ण खाली सोडून ब्रेकचा होज ताणला जात नाही ना तेही बघा, हे कोणी बघत नाही.

शॉकअप मोनोट्यूब (एका नळीचा) की ट्विन ट्यूब (नळीत नळी असलेला) यावर लोक रात्रभर भांडतात. मोनोट्यूब गरम होऊन लवकर ढिला पडत नाही हे खरं, पण त्याच्या नळीला दगडाचा पोचा बसला की आतला पिस्टनच अडकतो. आपण घाटातल्या दगडात दहाच्या स्पीडने जातो, वाळवंटात शंभरने नाही, त्यामुळे जास्तीच्या तेलासाठी बाहेर डबा लटकवलेले शॉकअप मला तरी शो वाटतात.

फिटिंगमध्ये एकच गोष्ट डोक्यावर बसून करून घ्या: सांध्यांमधल्या रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना फायनल आवळायचे. हवेत लटकवून आवळले की बुश कायम पिळलेला राहतो, लवकर फाटतो, मग खटखट, मग तुम्ही शॉकअपला शिव्या घालता. कमानपाटे एक्सलला बांधणारे यू-बोल्ट चार-पाचशे किलोमीटरनंतर परत आवळा, आणि अलाइनमेंट लगेच.

जुना शॉकअप खरंच गेलाय का तेही बघा. खराब रस्त्यावरून आल्या आल्या उलट्या हाताने चारही शॉकअपना हलकेच हात लावा, तीन गरम आणि एक गार असेल तर तो गार काम करत नाहीये. नुसता तेलाचा पुसट थर असेल तर घाबरू नका, ओघळ असेल तर बदला.

आणि कागदपत्रं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध बदल चालणार नाही. मोठं लिफ्ट किट टाकायच्या आधी आरटीओ आणि इन्शुरन्सवाल्याला विचारा.

गाडी फक्त कडक लागत असेल तर पाकीट काढायच्या आधी ट्रेलवर टायरची हवा १८-२० पीएसआयवर आणून बघा. अर्ध्या लोकांचं काम तिथेच होतं. फक्त डांबरी रस्त्याला लागायच्या आधी परत भरा, तेवढा पंप गाडीत टाका.