घरविमा: रिन्युअल घ्यावं की नवी पॉलिसी?

इंग्लंडमध्ये रिन्युअलच्या पत्रात गेल्या वर्षीचा हप्ता छापणं विमा कंपन्यांना 2017 पासून बंधनकारक आहे, म्हणून वाढ लगेच डोळ्यांत भरते. यंदा आमचे 214 पौंडांचे 291 झाले. क्लेम एकही नाही!

1 जानेवारी 2022 पासून एफसीएचा, म्हणजे तिथल्या वित्तीय नियामक संस्थेचा, नियम आहे, की जुन्या ग्राहकाला नव्यापेक्षा जास्त दर लावायचा नाही. त्याआधी वर्षानुवर्षं टिकून राहणाऱ्यांच्याच खिशाला चाट बसायची. पण हा नियम त्या-त्या कंपनीपुरता. दुसरी कंपनी स्वस्त देते का, ते आपणच बघायचं.

तुलनेच्या साइटवर 181 पौंडांचं कोटेशन दिसलं. जुनी पॉलिसी शेजारी ठेवून वाचलं तेव्हा खरी गोम कळली: नुकसानीतला आपला वाटा, म्हणजे एक्सेस, 100 ऐवजी 350 पौंड, पाइप फुटून झालेल्या नुकसानीसाठी त्याहूनही जास्त, आणि अपघाती नुकसान वगळलेलं. अटी सारख्या करून घेतल्यावर आकडा 236 वर गेला, म्हणजे बचत निम्मी. विम्याची रक्कम मात्र बाजारभावाने नव्हे, घर पुन्हा बांधायच्या खर्चाने धरायची. (आईचे दागिने वेगळे नोंदवले, एका वस्तूला मर्यादा असते.)

मग जुन्या कंपनीला फोन केला. घासाघीस करून 248 पर्यंत आले, त्यापुढे हलेनात. नवी पॉलिसी घेतली आणि जुनीचं ऑटो-रिन्युअल बंद करून तसा ईमेल मागून घेतला.