कातळशिल्पं बघायची तर सूर्य कलल्यावर

कातळशिल्पं म्हणजे जमिनीसपाट कातळात रेघा खोदून काढलेली जुनी चित्रं. ती बघायला रात्रीची कोकणकन्या एक्सप्रेस धरा, पहाटे रत्नागिरीला उतरा, दिवसभराची रिक्षा ठरवा. पाणी-टोपी तुम्ही घ्यालच. फक्त ‘कोकण म्हणजे हिरवंगार’ हे मुंबईतच ठेवून या. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, सावलीला झाड नाही, पायाखालून दगड तापतो. पावसाळ्यात तर जाऊच नका, गवत आणि पाण्याखाली रेघा बुडालेल्या असतात. दिवाळीनंतर गवत वाळलं की निघा. सकाळी उक्षी, संध्याकाळी कशेळी, दोन्ही कातळशिल्पांची गावं.

आता खरी गोम. पहिल्या खेपेला मी कशेळीचा कोरलेला हत्ती बघायला भर बाराला पोचलो. दहा मिनिटं इकडेतिकडे फिरून रिक्षावाल्या काकांना विचारलं, “हत्ती कुठाय?” ते शांतपणे म्हणाले, “त्याच्या पोटातच उभे आहात तुम्ही.”

चूक डोळ्यांची नव्हती, वेळेची होती. खोदलेली रेघ उथळ, तिचा रंग आजूबाजूच्या कातळासारखाच. सूर्य डोक्यावर असला की खाचेत सावलीच पडत नाही. तो कलला की खाचेची कड आत सावली टाकते आणि रेघ उठून दिसते. म्हणून सकाळी आठच्या आत, नाहीतर साडेचारनंतर. शिल्प तुमच्या आणि सूर्याच्या मधे येईल असे उभे राहा. सूर्याकडे पाठ केलीत की निम्म्या रेघा गेल्या. अख्खा हत्ती एकदम शोधू नका, सुमारे १८ बाय १३ मीटरचा आहे तो. सोंड किंवा एखादा पाय पकडा आणि बाहेरून चालत नजरेने रेघेमागे जा. बाह्यरेषा जुळली की मगच त्याच्या आतले मासे, पक्षी, जनावरं दिसायला लागतात.

‘खडूने रेघा गिरवा, फोटो मस्त येतो’ असं सांगणाऱ्याला सोबत नेऊ नका. जांभा सच्छिद्र, खडू भोकांत जाऊन बसतो. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलेला वारसा हा, शाळेतला फळा नव्हे. पाणी ओतल्यानेही काही होत नाही, सगळा दगड सारखाच काळा पडतो. ढग आले तर थांबा, अंधारू द्या आणि टॉर्च जमिनीलगत आडवा धरा. वरून मारलेला उजेड म्हणजे पुन्हा भर दुपारच.

बूट शिल्पावर नकोत, भोवतीच्या दगडी गडग्याबाहेरून फिरा.

दुसरा दिवस हाताशी असेल तर देवाचे गोठणे या गावी जा. तिथल्या मनुष्याकृतीवर होकायंत्र ठेवलं की दिशा चुकते. मी तीनदा ठेवून पाहिलंय.