जीपीएस जॅमिंग: या चुका टाळा, बोट देवगडची असो की नेव्हीची

जून 2025 मध्ये होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ शेकडो जहाजांचं जीपीएस गंडलं, आणि आपल्याकडे बंदरावर लगेच सुरू, 'फौजेचं जीपीएस कसं जॅम होत नाही बघा'. होतं ना बाबा! सॅटेलाइट 20,200 किलोमीटर वर, तिथून येणारा सिग्नल खाली पोचेपर्यंत रिसीव्हरच्या स्वतःच्या खरखरीपेक्षाही बारीक झालेला असतो, त्यामुळे त्याच फ्रिक्वेन्सीवर जवळून कोणी बोंब मारली की संपला खेळ, यालाच जॅमिंग म्हणतात.

मिलिटरी कोड, म्हणजे फौजेचा गुप्त सिग्नल, आहे म्हणजे निर्धास्त, ही सगळ्यात मोठी चूक. कोडमुळे शत्रूला खोटा सिग्नल बनवणं जड जातं, म्हणजे स्पूफिंगला लगाम बसतो, पण जॅमिंगला कोड फोडावाच लागत नाही, नुसता गोंगाट पुरतो. म्हणून फौज एकाच चकतीत बरेच अँटेना बसवते आणि ज्या दिशेने जॅमर ओरडतोय तेवढ्या दिशेचं ऐकणंच बंद करते. सात अँटेना असले तर साधारण सहा जॅमरना गप्प करता येतं. सोबत इनर्शियल सिस्टीम असते, म्हणजे सॅटेलाइटशिवाय स्वतःची हालचाल मोजून जागा सांगणारी, पण तिच्यावरही किती वेळ काढणार, विमानातली चांगली सिस्टीमसुद्धा तासाला मैलभर सरकू शकते.

आता आपल्याकडचा हट्ट: जीपीएसचा अँटेना डोलकाठीच्या टोकालाच हवा. व्हीएचएफ रेडिओला उंची लागते, मान्य, जीपीएसला फक्त मोकळं आकाश लागतं. जॅमर बहुतेक किनाऱ्यावर नाहीतर दुसऱ्या जहाजावर, म्हणजे आडवा, आणि अँटेना जेवढा वर तेवढा जॅमरचा गोंगाट त्याला लांबून ऐकू येणार. केबिनच्या छपरावर बसवा. हातातला सेट असेल तर छातीशी धरून हळूहळू स्वतःभोवती फिरा, ज्या बाजूला पाठ केल्यावर सिग्नलचे दांडे वाढतील तिकडे जॅमर, मग पाठ तिकडेच ठेवा. सैनिकसुद्धा अंगाची आड घेतात, सेट खड्ड्यात ठेवतात.

'नाविक (भारताची स्वतःची सॅटेलाइट यंत्रणा) आहे, मग काय' असंही ऐकू येतं. नाविकची एल5 फ्रिक्वेन्सी आणि जीपीएसची एल5 एकच, 1176.45 मेगाहर्ट्झ, तिच्यावर जॅमर आला की दोघं एकदमच झोपणार. नाविकची दुसरी फ्रिक्वेन्सी, एस बँड, वेगळी आहे, पण ती तुमच्या सेटमध्ये आहे का ते आधी बघा.

तांडेल 'जीपीएस गेलो' म्हणून ओरडला तर एका अर्थी बरं, निदान कळलं तरी. स्पूफिंगमध्ये स्क्रीन मजेत चालू असते, 2017 ला काळ्या समुद्रात जहाजं चक्क विमानतळावर दिसत होती. पाण्याची खोली इको साउंडरवर आठ वाव आणि चार्टवर वीस, किंवा घड्याळ अचानक उडी मारतंय, तर कंपास धरा आणि दीपगृहाचं बेअरिंग, म्हणजे दिशा, घ्या.

आणि दर वेळी पाकिस्तानला शिव्या घालू नका. 2001 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंग बंदराचं जीपीएस बिघडलं, कारण निघालं बोटींवरचे बूस्टरवाले टीव्ही अँटेना. तेव्हा टीव्हीचा बूस्टर, स्वस्तातला चार्जर, एलईडीची माळ एकेक बंद करून बघा, मगच मेकॅनिकला फोन लावा.