जांबोटी, कणकुंबी, चोर्ला फिरायला निघताय? या चुका टाळा

माझं लहानपण बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला जाणाऱ्या रस्त्यावरच्या जांबोटी भागात गेलं. आता पुण्यात असतो. जूनचा पहिला पाऊस पडला की इथले मित्र विचारतात, चोर्ल्याला कधी जायचं? मी दरवेळी सांगतो, दसऱ्यानंतर.

सगळ्यात जास्त फसगत होते ती यायची वेळ निवडण्यातच. जुलै-ऑगस्टात कणकुंबी पट्ट्यात दिवसचे दिवस ऊन पडत नाही. धुकं असं उतरतं की घाटाच्या कठड्याशी उभं राहूनही दरी दिसत नाही. वज्रपोहा धबधबा भीमगड अभयारण्याच्या रानात आहे. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय जाता येत नाही आणि भर पावसात ती वाट धोक्याचीच. हब्बनहट्टीचा स्वयंभू मारुती तर त्या दिवसांत मलप्रभेच्या पाण्याखाली असतो. मग लांबून आलेली माणसं रस्त्याकडेच्या एखाद्या धारेखाली गर्दी करतात आणि घाट तुंबतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात या. ओढे वाहते असतात, भात पिकायला आलेलं असतं, आणि सकाळचं धुकं विरलं की खाली गोव्याच्या बाजूचं रान दूरवर मोकळं दिसतं.

तरीही पावसात यायचंच असेल तर पाण्याचा स्वभाव समजून घ्या. बेळगावात नुसती रिपरिप असते तेव्हा घाटमाथ्यावर धो धो कोसळत असतं. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, म्हादई भीमगडच्या रानात. उगमाजवळची नदी दिसायला ओढ्याएवढीच, म्हणून लोक बिनधास्त उतरतात. पण वर सर आली की डोक्यावर ऊन असतानाही पाणी फुगतं. स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ झालं, पालापाचोळा आणि काटक्या वाहत आल्या, पाण्याचा आवाज जड झाला, यातलं एक जरी जाणवलं तरी चपला-बॅगा तिथेच सोडून वर या. पलीकडच्या काठावर अडकलात तर परत ओलांडायचा प्रयत्न नको. उंचावर थांबा. पाऊस थांबला की असे छोटे ओढे बहुधा काही तासांत उतरतात. गावातली माणसंही तेच करतात.

मोबाईलच्या नकाशावर आत जाऊ नका. गवाळी, पास्टोली, आमगाव नकाशावर जवळ दिसतात, पण आतल्या वाटा गाडीच्या नाहीत आणि रेंज मध्येच जाते. या गावांत पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरून आणावं लागतं. तिथे तुमची गाडी रुतली तर ती काढायलाही तेच लोक हातातली रोपलावण सोडून येणार, याची जाणीव ठेवा. जांबोटीतच थांबून विचारा. पाट्या कन्नडमध्ये असल्या तरी मराठी सगळीकडे चालते. “मामा, किती लांब आहे?” विचारलं तर “हे काय, इथंच” असं ऐकायला मिळेल. त्यापेक्षा “वाटेत ओढा किती लागतोय?” असं विचारा, नेमकं उत्तर मिळेल.

घाट उतरताना सारखा ब्रेक दाबू नका, खालच्या गिअरवर गाडी धरा. धुक्यात लाईट डिपवर ठेवा, नाहीतर समोर पांढरी भिंतच दिसते. अंधार पडायच्या आत घाट सोडा.

कॅसलरॉक स्टेशनहून रुळांवरून चालत दूधसागर धबधबा गाठायचा बेत कुणी सुचवला तर साफ नाही म्हणा. बोगद्यात गाडी आली तर सरकायला फारशी जागा नसते. शिवाय रेल्वे कायद्याच्या कलम 147 नुसार 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पाऊस सरल्यावर गोव्यातल्या कुळ्यातून जीप सुटतात, त्या धरा.

जळवा लागणारच. मीठ-तंबाखू चोळू नका, ओढूनही काढू नका. नख कातडीला टेकवून तिचं तोंड हळूच बाजूला सारा. जखम साबणाने धुऊन कापड दाबून धरा. तिच्या लाळेमुळे रक्त लवकर गोठत नाही, म्हणून थोडा वेळ वाहिलं तरी घाबरू नका.