कंपनीचा अहवाल मागच्या पानांपासून वाचा

गोव्यात डिचोलीला आमचं टायर आणि सुट्या भागांचं दुकान होतं. गिऱ्हाईक बहुतेक सगळं खाणीवरच्या ट्रकवाल्यांचं. बी.कॉम. झाल्यावर मी बाबांच्या वह्या लिहायला बसले. आज कंपन्यांचे हिशेब जे काही वाचता येतात, ते त्या वह्यांमुळे. गेल्या चवथीला भाचा म्हणाला, "मावशी, शेअर घ्यायचेत. कंपनी बरी की वाईट हे तू कशावरून ओळखतेस?" त्याला जे दाखवलं, तेच इथे लिहिते.

आधी दुकानाचे दोन आकडे. मार्च २०११ ला संपलेल्या वर्षी विक्री ९० लाख आणि येणं, म्हणजे गिऱ्हाइकांकडे राहिलेली उधारी, ३० लाख. पुढच्या मार्चला विक्री १ कोटी ८ लाख, येणं ४८ लाख. वीस टक्के वाढ म्हणून बाबा खूश होते. मी दोन्ही वर्षं शेजारी मांडली. विक्री १८ लाखांनी वाढली होती आणि उधारीही नेमकी १८ लाखांनी. म्हणजे वर्षभरात गिऱ्हाइकांकडून हातात आले ते ९० लाखच. वहीत ९ लाख नफा दिसत होता, आणि टायरवाल्यांची बिलं भागवायला बँकेतली सीसी, म्हणजे कॅश क्रेडिटची उचल, वाढवून घ्यावी लागत होती. ट्रकवाले पायरीवरूनच सांगत, "फाल्यां दितां," म्हणजे उद्या देतो. माणसं खोटी नव्हती. खाणीकडून भाडं सुटलं की आणून देत. १० सप्टेंबर २०१२ ला सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, आणि ते फाल्यां उजाडलंच नाही.

म्हणून माझी पद्धत उधारीपासून सुरू होते.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचे वार्षिक अहवाल एनएसई आणि बीएसईच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. निदान पाच वर्षांचे उतरवून घ्या. एका वर्षाच्या अहवालावरून काहीही कळत नाही. खासगी कंपनीची कागदपत्रं कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर शंभर रुपये भरून पाहता येतात. माल कुणाला उधार द्यायचा असेल तर ते शंभर रुपये जरूर खर्च करा. अहवालात हिशेब दोनदा छापलेले असतात, एकट्या कंपनीचे आणि उपकंपन्यांसह एकत्रित. एकत्रित घ्या, नाहीतर उपकंपनीच्या डोक्यावरचं कर्ज नजरेतून सुटतं. अध्यक्षांचं पत्र आणि रंगीत फोटो शेवटी बघा.

आधी उघडायचं ते पान कॅश फ्लोचं, म्हणजे रोकड कुठून आली आणि कुठे गेली याचं. त्यात कामकाजातून आलेली रोकड अशी एक ओळ असते. पाच वर्षांची ती रोकड एकत्र मिळवा, पाच वर्षांचा निव्वळ नफाही मिळवा आणि ताडून बघा. घसारा, म्हणजे यंत्रांच्या झिजेपोटी धरलेला खर्च, वहीत पडतो पण खिशातून जात नाही. त्यामुळे चालत्या कारखान्यात रोकड नफ्याहून जास्तच असायला हवी. पाच वर्षांत नफा शंभर कोटी आणि रोकड तीस कोटी असेल, तर उरलेले सत्तर बहुतेक उधारीत तरी अडकलेत नाहीतर गोदामात.

मग हिशेबांच्या मागे छापलेल्या टिपांमधली येण्याची टीप उघडा. वर्षअखेरचं येणं भागिले वर्षाची विक्री, गुणिले ३६५. एवढ्यावरून पैसे किती दिवसांनी येतात ते कळतं. आमच्या दुकानाचे १२२ दिवस एका वर्षात १६२ झाले होते. २०२१-२२ पासून कंपन्यांना येण्याचं वय छापावं लागतं: सहा महिन्यांच्या आतलं, वर्षाच्या आतलं, असं करत तीन वर्षांवरचं, आणि वादात असलेलं वेगळं. हे कोष्टक म्हणजे आमच्या खातेवहीतली लाल शाईची पानंच. तीन वर्षांवरच्या रकान्यातला आकडा दरवर्षी फुगत असेल आणि बुडीत येण्याची तरतूद जिथल्या तिथे असेल, तर दाखवलेल्या नफ्यातला काही भाग परत जाणार आहे असं धरून चाला.

तुलना मात्र त्याच धंद्यातल्या कंपनीशी करा. हॉटेलवाल्याचे पैसे आगाऊ येतात. खताच्या कंपनीत युरियाची किंमत सरकार ठरवतं आणि उरलेला खर्च अनुदानातून भरून देतं. ते अनुदान उशिरा आलं की कंपनी बँकेकडून अल्पमुदतीचं कर्ज काढते आणि व्याजात नफा झिजतो. झुआरीनगरचा आपला खत कारखाना १ जून २०२२ ला झुआरी ॲग्रोकडून पारादीप फॉस्फेट्सकडे गेला. त्याआधीची पाच-सहा वर्षं झुआरी ॲग्रोच्या अहवालांत अनुदानाचं येणं आणि अल्पमुदतीचं कर्ज या दोन ओळी शेजारी ठेवून वाचा. पुस्तकात खेळत्या भांडवलाची, म्हणजे रोजचा धंदा चालवायला लागणाऱ्या पैशाची, व्याख्या असते, इथे ते डोळ्यांना दिसतं.

कामकाज समजून घ्यायला गोवा कार्बन वाचा. गोव्यातल्या सासष्टी तालुक्यात त्यांचा कारखाना आहे. तेलशुद्धीकरणातून उरलेला कच्चा पेट्रोलियम कोक आणायचा, भट्टीत भाजायचा आणि ॲल्युमिनियम गाळणाऱ्यांना विकायचा. घ्यायचा भाव हातात नाही, विकायचाही नाही. महाग घेतलेला माल आवारात पडून असताना बाजार उतरला की तिमाही गेलीच. अशा धंद्यात शंभर रुपयांच्या विक्रीमागे कच्च्या मालाला किती गेले हा एकच आकडा दर तिमाहीला लिहून ठेवा. आणि तिमाहीची तुलना नेहमी गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी. पावसाळ्यात आपल्या मांडवी नदीतले खनिजाचे बार्ज थांबतात हे जसं आपण जाणतो, तसा प्रत्येक धंद्याला आपापला पावसाळा असतो.

पैशांचे मोठे निर्णय तपासताना मला नेहमी २००९ आठवतं. धेंपो समूहाने आपला खाणव्यवसाय सेसा गोवाला १,७५० कोटींना रोखीत विकला. पुढे तीनच वर्षांत खाणी बंद. विकणाऱ्याला हे आधी दिसलं होतं असं मी म्हणत नाही, आणि घेणाऱ्याचं गणित तेव्हा चुकीचंही नव्हतं. पण खाण घेणारा मुळात विकत घेतो ते पुढची इतकी वर्षं माती उपसण्याची परवानगी. ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने मधल्या काळात नूतनीकरण झालेली खाणींची ८८ लीज, म्हणजे खाणपट्टे, रद्द केली. त्यामुळे कुठलीही कंपनी बघताना मी कागदावर लिहिते: हा धंदा कोणाच्या परवान्यावर उभा आहे, तो कधी संपतो, आणि परवाना गेला तर कर्ज कशातून फिटेल? आमच्या दुकानाला परवान्याचा प्रश्न नव्हता. पण गिऱ्हाईक एकाच धंद्यातलं, म्हणून खाणीबरोबर आम्हीही बसलो.

शेवटी संभाव्य देण्यांची टीप, म्हणजे पुढे कदाचित भरावी लागतील अशा रकमा. ही ताळेबंदात बेरजेला धरत नाहीत, म्हणून लोक सोडून देतात. सप्टेंबर २०२३ मध्ये मांडवीवर कॅसिनो चालवणाऱ्या डेल्टा कॉर्पला ११,१३९ कोटींची जीएसटीची नोटीस आली. कंपनीची वर्षाची उलाढाल हजार कोटींच्या आसपास. नोटीस म्हणजे देणं नव्हे, कंपनीने तिला न्यायालयात आव्हानही दिलं. पण आकडा उलाढालीच्या दहापट असेल तर ती टीप नफ्याच्याही आधी वाचायला हवी. त्याच भागात संबंधित पक्षांचे व्यवहार असतात: प्रवर्तकांच्या दुसऱ्या कंपनीला दिलेली कर्जं, घरच्याच माणसाला दिलेलं जागेचं भाडं. रक्कम लहान असली तरी दरवर्षी वाढतेय का ते बघा.

भाच्याने हे सगळं एका यंत्रभागांच्या कंपनीवर करून पाहिलं. नफा पाचही वर्षं चढता, रोकड दोन वर्षं उणे. कंपनीच्या सभेत एका शेअरच्या मालकालाही प्रश्न विचारता येतो, म्हणून त्याने एकच शेअर घेतला आहे. सप्टेंबरातल्या सभेसाठी प्रश्न लिहून माझ्याकडे तपासायला आणला: तीन वर्षांवरचं येणं किती गिऱ्हाइकांकडे अडकलंय, आणि त्यांना अजून माल उधार जातो का? दुसरा अर्धा मला सुचला नव्हता.